गोणी उसवण्याआधी विहिरीत डोकवा
(सात रस्ता, सोलापूर येथील बैठकीत केलेले भाषण)



आपण मालदांडी ज्वारीची माणसं. पण विहिरीला पाणी टिकलं की कुणी एकरभर मधुमका लावतो आणि विचारतो, युरिया किती टाकू?

मक्याची भूक ज्वारीपेक्षा मोठी. शिफारस हेक्टरी १२० किलो नत्राची, म्हणजे एकरी ४८ किलो. युरियात नत्र ४६ टक्के. हिशेब होतो ४५ किलोच्या दोन गोण्या आणि वर १४ किलो. पेरताना डीएपी दिलं असेल, तर त्यातलं नत्र वजा करा. तीन हप्ते पाडा : पेरणीला, महिन्याने आणि तुरा निघण्याआधी. नत्र कमी पडलं की खालची पानं शेंड्याकडून मधल्या शिरेने पिवळी पडतात, कणसाचं टोक भरत नाही.

मग चौथी गोणी का ओततो आपण? १९९२ साली सरकारने स्फुरद-पालाशचे भाव मोकळे सोडले, युरियाचा धरून ठेवला. स्वस्त म्हणून हात सैल सुटला. पण आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात वर फेकलेल्या युरियातलं नत्र हवेत उडतं. तो मातीआड करा, लगेच पाणी द्या.

पाणी तुटलं तर हप्ता थांबवा. जादा युरिया खाल्लेल्या मक्याला पाण्याचा ताण बसला की धाटात नायट्रेट साचतं. ती वैरण खाऊन जनावर दगावू शकतं. कणसाला भाव मिळाला नाही तर एक हंगाम जातो, दावणीचा बैल गेला तर पुढची पेरणीच अडते.