प्रोग्रॅम वाचकाच्या घरी उघडेपर्यंत



जावात लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर कसा पोचवायचा, या विषयावर इगतपुरीत बोलायला मला विशेष आनंद वाटतो. सॉफ्टवेअर दूरवर पोचवण्याचं एक मोठं काम याच गावातून झालं आहे. इथल्या विपश्यना विशोधन विन्यासाने १९९०च्या दशकात बौद्धांचं अख्खं पाली तिपिटक सीडी-रॉमवर आणलं. रंगूनला १९५४ ते १९५६ या काळात भरलेल्या सहाव्या बौद्ध संगीतीत तपासला गेलेला तो पाठ देवनागरी, बर्मी, रोमन, थाई, सिंहली अशा लिप्यांत वाचता येऊ लागला. पुढे विंडोजसाठी 'सीएसटी-४' हा प्रोग्रॅम आला. याच पाठावर उभा असलेला 'पाली प्लॅटफॉर्म' हा प्रोग्रॅम तर जावातच लिहिलेला आहे.

अशा ग्रंथाचा वाचक कोण? एखाद्या विहारातला भिक्षू, तालुक्याच्या कॉलेजातला पालीचा विद्यार्थी. त्याला ग्रंथ वाचायचा आहे, जावा शिकायची नाही.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ साली जावा आणली ती एकदा लिहा, कुठेही चालवा या आश्वासनासह. पण समोरच्या कॉम्प्युटरवर जावाचा रनटाइम, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा, आधीच हवी. नसेल तर प्रोग्रॅमच्या जार फाइलवर डबल क्लिक केल्यावर विंडोज विचारतं, ही कशाने उघडू? कधी विनरार पुढे येतं आणि आतल्या क्लास फाइलींची यादी दाखवतं, कारण जार ही मुळात झिपच असते. रनटाइम असला पण जुना निघाला, तरी प्रोग्रॅम सुरूच होत नाही. २०१८च्या जावा ११मधून इंटरनेटवरून प्रोग्रॅम सुरू करून देणारं वेब स्टार्ट गेलं, खिडक्या-बटणं बांधणारं जावाएफएक्सही जेडीके या जावाच्या विकाससंचाबाहेर पडलं. तेव्हापासून 'आधी जावा टाकून घ्या' ही सूचना मला वाचकावरचा अन्याय वाटते.

आपल्या कसारा घाटात बहुतेक गाड्यांना मागून ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावावे लागतात, ते इगतपुरीला सुटतात. २०२३मध्ये सुरू झालेली मुंबई–शिर्डी वंदे भारत मात्र बँकरशिवाय चढते, कारण तिच्या मोटरी तिच्याच डब्यांखाली आहेत. जावा प्रोग्रॅमनेही तसंच आपलं बळ बरोबर घेऊन निघावं.

त्याची साधनं जेडीकेतच आहेत. २०१७च्या जावा ९पासून 'जेलिंक' आहे. प्रोग्रॅमला लागतील तेवढेच मॉड्यूल घेऊन ते छोटा रनटाइम बांधतं. कोणते लागतात ते 'जेडेप्स' सांगतं. 'जेपॅकेज' जावा १४मध्ये प्रायोगिक म्हणून आलं आणि २०२१च्या जावा १६मध्ये पक्कं झालं. ते प्रोग्रॅम आणि रनटाइम एकत्र बांधून विंडोजसाठी एमएसआय किंवा ईएक्सई, मॅकसाठी डीएमजी किंवा पीकेजी, लिनक्ससाठी डेब किंवा आरपीएम तयार करतं. आकार काही दहा एमबींनी वाढतो. तो वाढू द्या. ओपनजेडीकेच्या परवान्यात रनटाइम असा बरोबर देण्याची मुभा आहे. जेपॅकेजची एक अट मात्र पाळावी लागते. विंडोजचं पॅकेज विंडोजवरच बांधायचं, मॅकचं मॅकवर. विंडोजवर त्यासाठी विक्स हे साधनही लागतं.

मराठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी आणखी तीन गोष्टी सांभाळाव्यात. जावा १८पासून यूटीएफ-८ हे डीफॉल्ट एन्कोडिंग झालं. त्याआधीच्या जावात विंडोजवर एन्कोडिंग स्पष्ट सांगितलं नाही, तर फाइलीतल्या मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटू शकतात. दुसरं, वाचकाची टिपणं आणि खुणा प्रोग्रॅम फाइल्सच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. तिथे साध्या वापरकर्त्याला लिहिण्याची परवानगी नसते. त्या त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवा. तिसरं, जोडाक्षरं नीट दाखवणारा देवनागरी फॉन्टही पॅकेजमध्येच द्या.

सर्वांत अवघड भाग डिजिटल सहीचा. सही नसेल तर विंडोजचं स्मार्टस्क्रीन इशारा देतं. मॅकवर ॲपलकडून नोटरायझेशनही करून घ्यावं लागतं. यासाठी दरवर्षी पैसे मोजावे लागतात. फुकट वाटल्या जाणाऱ्या भाषेच्या, ग्रंथांच्या प्रोग्रॅमांचा हा खर्च आपल्या विद्यापीठांनी आणि साहित्यसंस्थांनी उचलावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथे बसलेल्या तरुण प्रोग्रॅमरांना माझी एक विनंती आहे. प्रोग्रॅम लोकांना देण्याआधी ज्यावर जावा कधीच टाकलेली नाही असा एखादा जुना कॉम्प्युटर शोधा, त्याचं इंटरनेट बंद करा आणि पेन ड्राइव्हवरून तुमचं पॅकेज त्यावर बसवून पाहा. ते तिथे उघडलं, तरच वाटा.