विमानाचे तिकीट आणि पॉइंटचा हिशेब

 

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. विषय आहे, कामासाठी वारंवार लांबचा विमानप्रवास करणाऱ्यांनी विमान कंपनी कशी निवडावी आणि त्या कंपन्या जे पॉइंट देतात त्यांचे काय करावे. कोणी म्हणेल, आपण गटाच्या बैठकीला रिक्षाने जाणाऱ्या बाया, आपल्याला विमानाचे काय?

पण जरा आपल्या वाडीकडे बघा. कोणाचा मुलगा जहाजावर नोकरीला आहे. तो कधी सिंगापूरला जहाज पकडतो, कधी हॉलंडमध्ये उतरतो. कोणाचा भाऊ दुबईला, कोणाचे यजमान कतारला. धाटावच्या एमआयडीसीत काम शिकलेली मुले पुढे परदेशातल्या कारखान्यांत जातात. हमरापूर, जोहे भागातल्या कारखान्यांत आपल्याच बायका गणपती रंगवतात. त्या मूर्ती परदेशी जातात, आणि धंदा वाढला की मालकालाही गिऱ्हाइकाला भेटायला जावे लागते. ही माणसे वर्षातून दोनदा, चारदा, कोणी दर महिन्याला विमानात बसते. आणि घरचा हिशेब कोणाच्या हातात असतो? आपल्याच. म्हणून हा विषय आपला.

त्यातून आता विमानतळही आपल्या जिल्ह्यात आला. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. तिकिटावर नुसते 'मुंबई' वाचून गाडी ठरवू नका. जुन्या विमानतळाची खूण बीओएम, नव्याची एनएमआय. पनवेलच्या अलीकडे वळायचे की थेट अंधेरीपर्यंत जायचे, हे त्या तीन अक्षरांवर ठरते.

आता पॉइंट म्हणजे काय ते पाहू. आपला किराणा दुकानदार नेहमीच्या गिऱ्हाइकाला दिवाळीत एखादी वस्तू जास्तीची देतो, कारण ते गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ नये. विमान कंपन्यांचेही तेच. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली अशी मोठी योजना काढली आणि मग सगळ्यांनीच तो मार्ग धरला. आपण जितका प्रवास करू किंवा तिकिटावर जितके पैसे खर्च करू, त्या प्रमाणात आपल्या खात्यात पॉइंट जमा होतात. कोणी त्यांना मैल म्हणतात. पुरेसे जमले की त्यांतून तिकीट घेता येते, किंवा वरच्या वर्गात जागा मिळवता येते. एअर इंडियाची महाराजा क्लब, इंडिगोची ब्लूचिप, एमिरेट्सची स्कायवर्ड्स, कतार एअरवेजची प्रिव्हिलेज क्लब, ही त्यांतली काही नावे. सभासद व्हायला पैसे पडत नाहीत.

इथे एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. तिकिटाचे पैसे कंपनीने भरले, तरी पॉइंट सहसा मिळतात ते प्रवास करणाऱ्या माणसाला. जहाज कंपनीने तिकीट काढून दिले म्हणून मुलगा बसला आणि उतरला, पण सभासद क्रमांक दिलाच नाही, तर ते पॉइंट कोणाच्याच खात्यात जात नाहीत. मात्र खलाशांसाठी जे खास तिकीट असते, ज्याला मरीन फेअर म्हणतात, त्यावर किंवा अगदी स्वस्त तिकिटावर पॉइंट कमी मिळतात, कधी मिळतच नाहीत. ते आधी विचारून घ्यायचे. मरीन फेअरचा खरा फायदा वेगळा आहे. त्यावर सामान जास्त नेता येते आणि जहाज लांबले तर तारीख बदलणे सोपे जाते.

आता मुख्य मुद्दा. आधी प्रवास निवडायचा, पॉइंट नंतर. पुष्कळ जण उलटे करतात. प्रवास निवडताना चार गोष्टी बघा.

पहिली, घरापासून मुक्कामापर्यंतचा एकूण वेळ. मुंबईहून लंडनला थेट विमान नऊ-दहा तासांत जाते. तेच दुबई किंवा दोह्याला उतरून गेले तर तिथे थांबण्याचा वेळ वाढतो. तिकीट स्वस्त दिसते, पण मधे अकरा तास बाकावर बसायचे असेल, तर पोचल्यावर लगेच कामावर उभे राहायचे आहे हे विसरू नका. रोह्याहून निघणाऱ्याने आपला रस्ताही त्यात धरावा. रात्री दोनचे विमान असेल तर तीन तास आधी पोचायचे, म्हणजे संध्याकाळीच घर सोडायचे. पावसाळ्यात आणि गणपतीच्या दिवसांत वडखळची रांग तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरी, सगळा प्रवास एकाच तिकिटावर हवा. मुंबई ते दोहा एका तिकिटावर आणि दोहा ते पुढे दुसऱ्या तिकिटावर, असे तोडून घेतले की कधी चार पैसे वाचतात. पण पहिले विमान उशिरा पोचले आणि दुसरे चुकले, तर दुसरी कंपनी म्हणते, आमचा संबंध नाही. नवे तिकीट आपल्या खिशातून. एकाच पीएनआरवर प्रवास असेल तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीवर येते, आणि सामानही बहुधा थेट शेवटच्या गावी जाते. शिवाय मधे ज्या देशात उतरायचे, तिथे विमानतळाबाहेर न पडताही ट्रान्झिट व्हिसा लागतो का, तेही तिकीट काढायच्या आधी पाहावे.

तिसरी, सामान. आपल्याकडचा माणूस निघाला की बरोबर पेणचे पापड, आगळ, मसाला, सुकी सोडे असे सगळे असते. किती किलो, किती बॅगा, हे प्रत्येक तिकिटावर वेगळे असते. एकाच विमानात, एकाच रांगेत बसलेल्या दोघांचे वजन वेगळे असू शकते, कारण तिकिटाचा प्रकार वेगळा. जादा वजनाचे पैसे विमानतळावर भरले तर फार जातात. आणि खाण्याच्या वस्तूंवर त्या देशाचे नियम काय आहेत तेही बघा. नाहीतर आपले सोडे तिथल्या कचऱ्याच्या डब्यात.

चौथी, तारीख बदलायला आणि तिकीट रद्द करायला किती पैसे कापतात. नोकरीच्या प्रवासात तारखा हमखास हलतात.

या चारही बाबतींत दोन कंपन्या सारख्या उतरल्या, तरच पॉइंटकडे वळायचे. आणि तेही हिशेब करून. वही-पेन घ्या, गटाचा हिशेब मांडतो तसाच मांडू.

समजा, एका जाण्याचे रोख तिकीट २०,००० रुपयांना आहे. तेच तिकीट पॉइंटवर घ्यायचे तर ३०,००० पॉइंट लागतात आणि वर कराचे ५,००० रुपये रोख भरावे लागतात. हो, पॉइंटचे तिकीट अगदी फुकट नसते, कर आणि इतर आकार भरावेच लागतात. म्हणजे ३०,००० पॉइंटनी आपले १५,००० रुपये वाचवले. एका पॉइंटची किंमत झाली ५० पैसे.

आता लंडनला जाऊन यायचे आहे. एका कंपनीचे तिकीट ६२,०००, दुसरीचे ६८,०००. वेळ सारखा, सामान सारखे. दुसरी कंपनी ६,००० पॉइंट जास्त देते. ५० पैशांनी त्यांची किंमत ३,००० रुपये. म्हणजे ३,००० मिळवायला आपण ६,००० मोजले. पदरचे ३,००० गेले. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण रीत हीच. देशाच्या रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे नाव ज्या रोह्याशी जोडलेले, त्या रोह्याने हिशेबात मागे राहू नये.

तिकीट कंपनी काढत असेल तर कोणाला वाटेल, महाग तिकीट घेऊ, पैसे त्यांचे आणि पॉइंट आपले. तसे करू नका. ते नोकरीच्या विश्वासाला धरून नाही, आणि कंपनीचे प्रवासाचे नियम असतात, ते मोडल्यास नोकरीवर येते.

मग योजना कोणती घ्यावी? ज्या वाटेवर आपला माणूस खरोखर जातो, त्या वाटेवरची. दहा ठिकाणी थोडे थोडे पॉइंट ठेवले तर कुठलेच तिकीट होत नाही. गटात दहा जणींची बचत एकत्र येते तेव्हाच कर्ज देता येते ना, तसेच. यात कंपन्यांच्या आघाड्या उपयोगी पडतात. एअर इंडिया २०१४ सालापासून स्टार अलायन्समध्ये आहे. लुफ्तान्सा, सिंगापूर एअरलाइन्स, टर्किश याही त्यातच. म्हणून यांतल्या एकीच्या विमानात बसून दुसरीच्या खात्यात पॉइंट जमा करता येतात. तिकिटाच्या प्रकारात ते बसते का, एवढे पाहायचे. कतार एअरवेज आणि ब्रिटिश एअरवेज वनवर्ल्ड या आघाडीत आहेत. एमिरेट्स आणि एतिहाद यांपैकी कुठल्याच मोठ्या आघाडीत नाहीत. जो माणूस एका वर्षी जर्मनी, दुसऱ्या वर्षी सिंगापूर असा फिरतो, त्याला आघाडी सोयीची. जो फक्त दुबईला ये-जा करतो, त्याने त्या वाटेवरची एक कंपनी धरावी.

जो दर महिन्याला उडतो, त्याच्यासाठी पॉइंटपेक्षा दर्जा मोठा. सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या असतात. त्यावर जादा सामान, वेगळी रांग, लाउंजमध्ये बसायची सोय असे काही ना काही मिळते. पण तो दर्जा टिकवायला ठरावीक मुदतीत पुन्हा तितका प्रवास करावा लागतो. वर्षातून दोनदा जाणाऱ्याने त्याच्या मागे लागू नये.

आता सावधगिरीचे. मैत्रिणींनो, पॉइंट म्हणजे बँकेतली ठेव नव्हे. बँकेतल्या ठेवीला निदान ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. तरीही पेण अर्बन बँकेत पैसे अडकले तेव्हा पेणच्या घराघरांनी काय सोसले, ते आपण पाहिले आहे. पॉइंटला तर कसलाच विमा नाही. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ नंतर बंद झाली. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली, तिथे मात्र सभासदांचे पॉइंट नव्या खात्यात गेले. कंपनी चालू असली तरी एका तिकिटाला किती पॉइंट, हे ती केव्हाही बदलू शकते. पॉइंटना मुदतही असते. एमिरेट्सचे मैल तीन वर्षांनी संपतात. म्हणून नातवाच्या लग्नासाठी पॉइंट साठवू नका. पुरेसे झाले की वापरून टाका.

घरी आपण काय करायचे? एक साधी वही घाला. त्यात कंपनीचे नाव, सभासद क्रमांक, प्रवासाची तारीख, किती पॉइंट जमा झाले, कधी संपणार, एवढे पाच रकाने. सभासद खात्यावरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळले पाहिजे. लग्नानंतर नाव बदललेल्या बहिणींनी हे विशेष पाहावे. बोर्डिंग पास पॉइंट जमा होईपर्यंत फेकू नये. जमा झाले नाहीत तर मागता येतात, पण त्याला काही महिन्यांचीच मुदत असते. काही कंपन्या घरच्यांचे पॉइंट एकत्र करू देतात. एमिरेट्समध्ये आठ जणांपर्यंत कुटुंबाचे एक खाते करता येते.

आणि एक. "तुमचे पॉइंट आज रात्री संपणार, ओटीपी सांगा," असा फोन आला तर फोन ठेवून द्या. पॉइंटसाठी ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवायचे नाही. कंपनीच्या स्वतःच्या अॅपमध्ये जाऊन बघायचे.

हे सगळे दुसऱ्यांसाठीच, असे मात्र समजू नका. पापड, कोकम, मूर्ती घेऊन आपल्यातलीच एखादी उद्या परदेशातल्या प्रदर्शनाला निघेल. तिकीट तिच्या नावाचे असेल आणि खातेही तिच्याच नावाचे असू दे. तोवर पुढच्या बैठकीत एवढे करा. कोणाच्या घरचे कोण विमानाने जाते, त्याचा सभासद क्रमांक आहे का, आणि त्याचे पुढचे तिकीट एकाच पीएनआरवर आहे का, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर नसेल तर आज रात्री फोनवर त्यालाच विचारा.