सातवाहनांचे व्यापारी राज्य आणि पूर्णेचे खोरे

पिंपळगाव राजा हे खामगाव तालुक्यातील गाव. त्याच्या दक्षिणेस अजिंठ्याची डोंगररांग आणि उत्तरेस पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे. ही पूर्णा पुढे चांगदेवजवळ तापीस मिळते आणि तापी पश्चिम समुद्रास. डोंगर ओलांडून पठारावर गेले की भोकरदन लागते, आणि त्याच्याही पलीकडे गोदाकाठी पैठण. दोन हजार वर्षांपूर्वी दख्खनवर राज्य करणाऱ्या सातवाहनांचा विचार करणाऱ्यास आरंभी हा भूगोल ध्यानी घेणे हिताचे ठरते; कारण ते राज्य जितके शस्त्रबळावर तितकेच वाटांवर उभे होते.

इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांत हे घराणे उदयास आले. पैठण ही त्यांची राजधानी. तेथून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात राणी नागनिकेचा लेख कोरलेला आहे. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखविला जातो. त्यात खरोखर जकात पडत असे की वाटसरूंसाठी पाणी साठविले जाई, याविषयी वाद घालण्यास वाव आहे. परंतु राजघराण्याने आपला लेख राजवाड्यात न कोरविता व्यापारी वाटेवर कोरविला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

मोसमी वाऱ्यांचा उपयोग करून इजिप्तहून थेट भारताच्या किनाऱ्यास येणे नाविकांना साधले, तेव्हा या वाटांना भाग्याचे दिवस आले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात भडोचहून पैठण वीस दिवसांच्या आणि तेथून तगर, म्हणजे आजचे तेर, दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले आहे. पैठणहून गोमेदासारखे मौल्यवान दगड आणि तगरहून कापड गाड्यांतून भडोचला जात असे. भारताच्या व्यापारापायी रोमन साम्राज्यातून दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स बाहेर जातात, अशी तक्रार प्लिनीने याच शतकात नोंदविली.

बुलढाणा जिल्ह्याच्या शेजारचे भोकरदन या व्यापाराचा उत्तम साक्षीदार आहे. सांची आणि भारहूत येथील स्तूपांच्या दानलेखांत ‘भोगवर्धन’ येथील दात्यांचा उल्लेख येतो, तेच हे गाव. १९७३ मध्ये नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांनी येथे उत्खनन केले, तेव्हा एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तशाच घडणीची मूर्ती इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ मध्ये सापडली होती. पॉम्पेई नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे त्यापूर्वीच ही भारतीय कला तेथवर पोहोचली होती.

जेथे धन तेथे शत्रू. पश्चिमेकडील क्षत्रपांनी बंदरांवर आणि घाटांवर ताबा मिळविला. कल्याणला चुकून आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असे ‘पेरिप्लस’कार सांगतो. राज्य न जिंकता बाजार जिंकण्याचाच हा प्रकार होता. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाचा पराभव केला. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली; त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. चलनातील चांदी त्याने वितळविली नाही. तीच बाजारात पुन्हा खेळविली. त्याची माता गौतमी बलश्री हिच्या नाशिकच्या लेखात त्याच्या अमलाखालील प्रदेशांत विदर्भाचे नाव आहे.

या व्यवहारामागे कारागिरांच्या श्रेणी होत्या. नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले: २००० दरमहा शेकडा एक, तर १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम परत घ्यावयाची नव्हती. व्याजातून भिक्षूंचा खर्च भागवावयाचा होता. पतसंस्थांच्या सभासदांना ही भाषा परकी वाटू नये.

दुसऱ्या शतकात सातवाहनांच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज उमटले. ही नाणी पूर्व किनाऱ्याची. तेथून गलबते सुवर्णभूमीकडे जात. मेकाँगच्या मुखाजवळील फुनान राज्याच्या ओक-एओ या नगरात भारतीय वस्तूंबरोबर रोमन सम्राट अँटोनायनस पायस याच्या नावाचे सुवर्णपदकही मिळाले आहे. फुनानही मार्गावर जगले, आणि सागरी मार्ग दक्षिणेकडे सरकल्यावर क्षीण झाले.

सातवाहनांची अखेर तिसऱ्या शतकात झाली. रोमन साम्राज्य अंतर्गत अरिष्टात सापडले, त्याच्या चलनातील चांदी घटत गेली आणि सागरी व्यापार आटला. सामंत आणि राजकुमार आपापले मुलूख घेऊन बसले. याचा पुरावा विदर्भातच आहे. मंगरूळपीरजवळील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये दीड हजारांहून अधिक सातवाहन नाणी मिळाली. ती पोटीन या मिश्रधातूची. एका बाजूस हत्ती, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती अभ्यासली, तेव्हा त्यांत कुंभ, कर्ण व शक सातकर्णी अशी नावे आढळली. पुराणांच्या राजावलीत ती नाहीत. शेतातील मडके सापडले नसते तर हे राजे इतिहासास ठाऊकच झाले नसते. लवकरच विदर्भात वाकाटकांचा उदय झाला.

पूर्णेच्या काठी, संग्रामपूर तालुक्यातील भोन येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने २००२ नंतर उत्खनन केले. विटांचा स्तूप, भाजक्या मातीच्या कड्यांच्या अनेक विहिरी आणि विटांनी बांधलेला कालवा तेथे उजेडात आला. घाटाखालच्या या खोऱ्यात त्या काळी पाण्याची इतकी व्यवस्था असलेली वस्ती होती, हे त्यापूर्वी फारसे कोणाच्या ध्यानी नव्हते. हे स्थळ जिगाव प्रकल्पाच्या नियोजित बुडीत क्षेत्रात येते. खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्यास पाण्याची निकड आहे, हे नाकारता येणार नाही. पण पाणी चढल्यावर तेथे कुदळ चालणार नाही, हेही तितकेच खरे. नोंदी, मोजमापे, छायाचित्रे आणि हलविता येतील असे अवशेष यांची सर्व कामे त्यापूर्वीची आहेत.

खोऱ्यातील इतर गावांत नांगरताना किंवा विहीर खणताना जुनी नाणी निघाली, तर भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ लागू होतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास तो कोठे, केव्हा व किती मिळाला हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. नाणी घासूनपुसून लख्ख करू नयेत. तऱ्हाळ्याच्या राजांची नावे त्या झिजल्या कडांवरच होती.