आपलं वऱ्हाड गहाण होतं तेव्हा : हैदराबादचा एक दिवस

(गुरुकुंज मोझरी येथे संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या गटांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे छापत आहोत.)





मागच्या सभेत एका मावशींनी मला विचारलं, "पोरी, तुमी तेरा जनी हैदराबादले जाऊन आल्या, मंग आनलं काय तिकडून? शेळीची नवी जात पायली का पापडाची मशीन?" सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि तेवढ्यात सभा संपली. आज संघाने मला वीस मिनिटं दिली आहेत, म्हणून सावकाश उत्तर देते.

मावशींचा प्रश्न रास्त आहे. आपण आजवर बाहेर गेलो ते अभ्यास दौऱ्याला. बस भरून जायचं, कुणाची डेअरी पाहायची, कुणाचं आदर्श गाव पाहायचं, आणि आल्यावर अहवाल लिहायचा. ही सहल तशी नव्हती. अनुदान नव्हतं, म्हणून अहवालही नव्हता. आम्ही शेळी पाहिली नाही, मशीनही पाहिली नाही. आम्ही एक शहर पाहिलं. एक दिवस, स्वतः ठरवलेल्या गाडीतून, स्वतः ठरवलेला गाइड घेऊन.

आधी पैशाचं बोलते, कारण कुजबूज त्याचीच आहे. गटाच्या बचतीला कुणीही हात लावलेला नाही. ज्यांना जायचं होतं त्यांनी दहा महिने, महिन्याला अडीचशे रुपये वेगळ्या डब्यात टाकले. वेगळी वही, वेगळी सही. त्यात रेल्वे, एक रात्र लॉज, जेवण आणि फिरणं बसलं. दिवसभराची गाडी सहा हजार आणि गाइड अडीच हजार. तेरा जणींत भागलं तर माणशी साडेसहाशे. एकटी बाई साडेआठ हजार देऊन गाइड करू शकत नाही, तेरा जणी करू शकतात. हे मी तुम्हाला काय शिकवू, गट म्हणजे तेच तर आहे.

आता हैदराबादच का? सोपं कारण म्हणजे अमरावतीहून तिरुपतीला जाणारी गाडी अकोला, नांदेडवरून काचीगुड्याला जाते, बदलायची कटकट नाही. दुसरं कारण माझं आहे. कॉलेजात मी वाचलं होतं की आपलं वऱ्हाड एके काळी निजामाचं होतं आणि ते इंग्रजांकडे गहाण पडलं. गहाण हा शब्द तुम्हाला मला समजावून सांगावा लागत नाही. निजामाच्या राज्यात इंग्रजांनी एक फौज ठेवली, खर्च निजामाने द्यायचा. खर्च थकला. १८५३ साली थकबाकीपोटी इंग्रजांनी वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतलं. मालक निजाम, वहिवाट इंग्रजांची. १८६० मध्ये उरलेलं कर्ज माफ झालं, पण जमीन काही परत मिळाली नाही. फौजेचा खर्च तर चालूच आहे ना, असं सांगितलं. आपल्या काळ्या मातीतला कापूस कोण हातचा सोडणार! शेवटी १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा मक्ता करून घेतला आणि पुढच्या वर्षी आपल्याला मध्य प्रांताला जोडून टाकलं. आपल्या आज्या-पणज्यांच्या शेताचा सारा कुठे जायचा, त्याचा हिशेब असा दोन दरबारांत चालला होता. तर मला वाटलं, ज्याच्या नावावर आपण होतो त्याचं घर तरी पाहून यावं.

गाइड कसा ठरवला हे नीट ऐका, कारण पुढच्या वेळी तुम्हीच ठरवणार आहात. मोठ्या टूर बसमध्ये पंचेचाळीस माणसं असतात. माइकवर माहिती सांगतात, वीस मिनिटं देतात, शिटी वाजली की परत. गुडघे दुखणारी बाई मागे राहते आणि सगळे तिच्याकडे रागाने पाहतात. आपला गाइड असला तर ती बाई जिथे बसेल तिथे तो थांबतो. आम्ही फोनवरच चार गोष्टी विचारल्या. पर्यटन खात्याचं ओळखपत्र आहे का? किती वाजेपासून किती वाजेपर्यंत? पार्किंग आणि ड्रायव्हरचं जेवण कोणाकडे? आणि दुकानात किती वेळा नेणार? या शेवटच्या प्रश्नावर तो जरा अडखळला. मोत्यांच्या दुकानात गिऱ्हाईक नेलं की काही गाइडना कमिशन मिळतं, हे जगजाहीर आहे. आम्ही सांगितलं, दुकान आम्ही म्हणू तेव्हा आणि आम्ही म्हणू ते. अर्धे पैसे सकाळी, अर्धे संध्याकाळी. सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, तोही वार आधीच पाहून ठेवला.

माणूस चांगला निघाला. त्याची दखनी हिंदी ऐकून आमच्या बायका चाटच पडल्या, कारण तो "नक्को" म्हणे, "ऐसाइच है" म्हणे. हा "नको" आणि हा "च" मराठीतूनच तिकडे गेलेला. अर्ध्या तासात आमच्या मंडळींची वऱ्हाडी आणि त्याची दखनी अशी काही जुळली की मला मध्ये बोलायचं कामच उरलं नाही.

पहिला गोवळकोंडा. खाली फतेह दरवाजात, घुमटाच्या खाली एका ठरावीक जागी टाळी वाजवली की वर टेकडीच्या माथ्यावर, जवळजवळ एक किलोमीटरवर ती ऐकू येते. शत्रू आला की वर खबर जावी, यासाठी केलेली युक्ती. आम्ही दोन तुकड्या केल्या. सात जणी वर गेल्या, बाकीच्या खाली. वरून एकीने फोन केला, "वाजवा वो." खालून वाजवली. फोनमधून "आली, आली!" असा जो आरडाओरडा झाला, तो ऐकायला मात्र फोनचीही गरज नव्हती असं खालच्या म्हणतात.

गाइड राजांची नावं सांगत होता. आमच्यातल्या एकीने विचारलं, "इतक्या वर पानी कोन नेत होतं?" तो थांबला. मग त्याने आम्हाला भिंतीतले मातीचे नळ दाखवले. रहाटांनी टप्प्याटप्प्याने पाणी वर चढवायचं, हौदात साठवायचं आणि नळांतून महालात सोडायचं. आता रहाट आपोआप फिरत नाही, म्हणजे माणसं नाहीतर बैल होतेच. पण प्रश्न निघाला तो हंडा वाहिलेल्या बाईच्या डोक्यातून. नंतर गाइड मला म्हणाला, लोक इथे हिऱ्यांचं विचारतात, कोहिनूरचं विचारतात. वर जगदंबेचं देऊळ आहे. आषाढात तिथून बोनालू सुरू होतं, बायका डोक्यावर शिजवलेल्या भाताची मडकी घेऊन गड चढतात. हे ऐकल्यावर, ज्यांनी खाली बसायचं ठरवलं होतं त्यांतल्या तिघी उठल्या आणि हळूहळू वर गेल्या. अर्धा तास जास्त लागला. त्यापायी चौमहल्ला राजवाडा राहिला. गाडीजवळ हात वर करून मत घेतलं होतं, नऊ विरुद्ध चार. चार जणी घरी येईपर्यंत त्यावर बोलत होत्या, त्यांचंही खोटं नाही.

संग्रहालयात एक मोठं घड्याळ आहे. दर तासाला आतून दाढीवाला छोटा माणूस बाहेर येतो आणि जितके वाजले तितके टोले देतो. लोक बाराला गर्दी करतात. आम्ही पोचलो तेव्हा एक वाजत होता. तो आला, एक टोला दिला, आणि गेला. "इतक्याच्यासाठी?" असं कुणीतरी म्हणालं आणि आमच्यासकट आजूबाजूची माणसंही हसली.

पण जिथे आमच्या बायका गप्प झाल्या ती जागा वेगळी. बेंझोनी नावाच्या इटलीतल्या कारागिराने पांढऱ्या संगमरवरातून कोरलेली एक स्त्री आहे, तिला बुरख्यातली रेबेका म्हणतात. तोंडावरून पातळ पदर घेतलेला आहे आणि पदराच्या आतून तिचा चेहरा दिसतो. पदरही दगडाचा आणि चेहराही दगडाचा, एकाच दगडाचा. एक ताई म्हणाल्या, "ओल्या लुगड्यावानी दिसते." ही मूर्ती आणली पहिल्या सालारजंगांनी. आता पाहा, हे सालारजंग कोण? वऱ्हाड गेलं त्याच १८५३ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी ते निजामाचे दिवाण झाले. म्हणजे साधारण माझ्या वयाचे! पुढे जन्मभर त्यांनी एक ध्यास घेतला, वऱ्हाड परत मिळावं. अर्ज केले, १८७६ मध्ये विलायतेलाही गेले. वऱ्हाड मिळालं नाही. त्याच प्रवासात इटलीतून ही रेबेका मात्र आली. हे मी तिथे उभं राहून सांगितलं तेव्हा गाइडही ऐकत होता. त्याला रेबेका माहीत होती, तिच्या खरेदीचं साल माहीत होतं, पण वऱ्हाडची बाजू त्याला कधी कुणी सांगितली नव्हती. त्याने ती वहीत लिहून घेतली.

अजून एक गंमत. १९३६ च्या करारानंतर निजामाच्या थोरल्या मुलाला "वऱ्हाडचे राजपुत्र" असा किताब मिळाला. म्हणून त्यांची बायको वऱ्हाडची राजकन्या झाली. ती मूळची तुर्कस्तानातली, शेवटच्या खलिफाची मुलगी, दुर्रुशेहवार तिचं नाव. हैदराबादच्या जुन्या भागात तिच्या नावाचं मुलांचं रुग्णालय आहे. आपल्या नावाचा किताब घेऊन एक बाई तिकडे नांदली आणि आपल्याला पत्ता नाही.

मुसी नदी ओलांडली की उस्मानिया रुग्णालय. त्याच्या आवारात एक जुनी चिंच आहे. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसीला महापूर आला, हजारो माणसं गेली. त्या चिंचेवर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली असं सांगतात. नेहमीच्या टूर बसा इथे थांबत नाहीत. आम्ही थांबलो, झाडाला हात लावला. एकीने खाली पडलेला चिंचेचा पाला ओटीत घेतला. विचारलं नाही कशाला.

चारमिनारबद्दल थोडंच सांगते, कारण फोटो सगळ्यांनी पाहिले आहेत. १५९१ साली मुहम्मद कुली कुतुबशाहाने बांधला. का बांधला? गाइडने तीन कारणं सांगितली : साथ ओसरली म्हणून, हिजरी सनाचं हजारावं वर्ष आलं म्हणून, आणि भागमती नावाच्या प्रेयसीसाठी. आम्ही विचारलं, यातलं खरं कोणतं? तो प्रामाणिकपणे म्हणाला, भागमतीची गोष्ट लोकांना आवडते, पण ती होऊन गेली की नाही यावर इतिहासकारांचं एकमत नाही. असं सांगणारा गाइड मिळाला तर त्याला वरचे दोनशे रुपये द्यावेत, आम्ही दिले.

मग लाड बाजार. इथे आम्ही म्हटलं, आता दुकान. लाखेच्या बांगड्या. निखाऱ्यावर लाख मऊ करायची, लांबवायची, गोल करायची आणि गरम असतानाच एकेक खडा बसवायचा. २०२४ मध्ये या बांगड्यांना जीआय मानांकन मिळालं, म्हणजे हैदराबादच्या लाखेच्या बांगड्या हे नाव आता दुसरीकडच्या मालाला लावता येत नाही. आमच्यातल्या बांगडीवाल्या ताईंनी भाव केला नाही, त्या कारागिराजवळ बसल्या. लाख कुठून येते, एका जोडीला किती वेळ लागतो, खडे कुठले. लाखेचा किडा पळसावर, बोरीवर वाढतो हे कळल्यावर त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पळस तं आपल्या बांधावरबी हाये." बाकी जणी बांगड्या भरत होत्या, त्या हिशेब करत होत्या. यातून काही निघेल की नाही मला माहीत नाही, आणि आज त्याचं वचनही देत नाही.

आता आजच्या सभेतला ठराव. "ज्या सदस्येचा कर्जाचा हप्ता थकला असेल तिला सहलीत घेऊ नये," असा ठराव दोन गटांकडून आला आहे. त्यामागची भीती मला समजते. घरची माणसं विचारतात, हप्ता बाकी अन् बाई फिरायले चालली? गेल्या वेळी आमच्यातल्या एका ताईच्या घरी यावरून आठ दिवस अबोला होता. पण मला हा ठराव पटत नाही. सहलीचा डबा वेगळा आहे, त्यात थकबाकी असेल तर बाई नकोच, हे मान्य. गटाच्या कर्जाची वसुली गटाच्या सभेत, वहीसमोर होऊ दे. हप्ता थकलेली बाई बहुतेक वेळा दवाखान्यापायी नाहीतर पऱ्हाटी बुडाल्यापायी थकलेली असते. तिला वर्षातून एक दिवस टेकडीवर टाळी ऐकायची बंदी, ही शिक्षा आपण कोणत्या नियमात लिहिणार?

दुसरा विषय, माझा स्वतःचा. पुण्यतिथी महोत्सवाला आपल्या मोझरीत बाहेरून किती माणसं येतात! समाधी पाहतात, दासटेकडी पाहतात, कुणाला विचारावं ते न कळून परत जातात. आपल्याच तालुक्यात कौंडण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर. तिथेही तेच. आपल्यातल्या चार जणींनी हे नीट शिकून घेतलं, आश्रमाची १९३५ पासूनची माहिती जाणत्या माणसांकडून तपासून घेतली, तर पाहुण्यांना फिरवायचं काम आपण करू शकतो. पैसे घेऊनच, फुकट नाही. आणि खरं काय, ऐकीव काय, हे त्या हैदराबादच्या माणसासारखं वेगळं करून सांगायचं. ज्यांना यात नाव द्यायचं आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे यावं.

पुढच्या सहलीचा डबा पुढच्या महिन्यापासून सुरू होतो, वही सचिवताईंकडे आहे. गाव तुम्ही ठरवायचं. बुऱ्हाणपूर आणि नागपूर अशी दोन नावं आली आहेत, चौमहल्ल्यासाठी पुन्हा हैदराबाद म्हणणाऱ्या चार जणी आहेतच. आता ठरावावर हात वर करा, मी मोजते.