हजेरी आणि गोळी



पंजाबात संशोधनासाठी फिरताना एक कंत्राटी सफाई कामगार मला म्हणाला, "नशा सुटली की 'तोड' लागते. हाडं दुखतात, जुलाब होतात. दवाखान्याच्या रांगेत उभं राहिलं, तर हजेरी जाते."

तिथं २०१७ पासून सरकारी केंद्रांत ब्युप्रेनॉर्फिनची गोळी मिळते. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार गुप्त ठेवण्याचा हक्कही दिला. पण ज्याला पगारी रजाच नाही, त्यानं ठेकेदाराला कारण काय सांगायचं?

२०२० च्या टाळेबंदीत अनेक दिवसांच्या गोळ्या घरी दिल्या गेल्या. म्हणजे ते जमतं. जातीनं लादलेलं काम शरीर मोडतं, दोष मात्र व्यसनी माणसावर येतो. म्हणून उपचार आणि पगारी रजा, दोन्ही एकत्र मागूया.

जय भीम.