महासंगणकावरील आज्ञावली : अडते कोठे?

(भोपाळ येथे विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पुण्याच्या सी-डॅक या संस्थेची स्थापना १९८८ साली झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा स्वदेशी महासंगणक सिद्ध झाला. पुढे २०१५ मध्ये केंद्र शासनाने ४,५०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय महासंगणन अभियानास मान्यता दिली व वाराणसी, पुणे आदी ठिकाणी परम मालिकेतील नवी यंत्रे उभी राहिली. परंतु यंत्र आले म्हणजे गणित सुटले, असे नव्हे. संशोधकांचे कित्येक दिवस आज्ञावली यंत्रावर बसविण्यातच खर्ची पडतात.

हे काम किरकोळ आहे, असे निदान भोपाळात तरी कोणी म्हणू नये. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री येथे विषारी वायू पसरला. असा वायू कोणत्या दिशेने व किती दूर जाईल, याचे गणित आज संगणकावर मांडता येते. तेच गणित दोन यंत्रांवर दोन उत्तरे देऊ लागले, तर कोणती वस्ती आधी हलवावयाची?

कोणतीही आज्ञावली एकटी नांदत नाही. तिला ठरावीक आवृत्तीचा कंपायलर आणि ठरावीक लायब्रऱ्या लागतात. हा सारा संसार एका पेटीत बांधून नेण्याची सोय म्हणजे कंटेनर. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने ही पद्धत लोकप्रिय केली. मात्र डॉकरची सेवा सामान्यतः प्रशासकाच्या अधिकाराने चालते. म्हणून अनेकांच्या सामाईक क्लस्टरवर तिला बहुधा मज्जाव असतो. तेथे पूर्वी सिंग्युलॅरिटी या नावाने ओळखले जाणारे ॲप्टेनर उपयोगी पडते, कारण ते वापरकर्त्याच्या स्वतःच्या अधिकारात चालते.

तथापि, शिदोरी आपली असली तरी चूल परक्याची असते. कर्नल, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर आणि यंत्रांना जोडणारे जाळे ही यजमान क्लस्टरचीच राहतात. अडचणी बहुधा या सांध्यांवर उद्भवतात.

पहिला सांधा प्रोसेसरचा. नव्या प्रोसेसरसाठी कंपाइल केलेली आज्ञावली जुन्या प्रोसेसरच्या नोडवर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून बंद पडते. दुसरा सांधा एमपीआयचा. कंटेनरमधील व बाहेरील एमपीआय जुळले नाहीत, तर चौसष्ट प्रक्रियांपैकी प्रत्येक स्वतःला एकटी समजते आणि एकच काम चौसष्ट वेळा होते. येथे चुकीचा संदेश दिसेलच असे नाही, म्हणून हा दोष अधिक घातक. तिसरा सांधा आपल्या होम डिरेक्टरीचा. ॲप्टेनर ती बहुधा आपोआप आत जोडते. त्यामुळे तेथील पायथॉनची जुनी पॅकेजेस नकळत आत शिरतात व दोन सहकाऱ्यांची उत्तरे भिन्न येतात. चौथा सांधा इंटरनेटचा. गणना करणाऱ्या नोडवर ते अनेकदा नसते. म्हणून लागणारी सामग्री आधीच उतरवून घ्यावी.

मी कलाशाखेचा पदवीधर आहे. पण कोणत्याही खात्यात चालणारी शिस्त येथेही चालते, असे मला दिसते. शेवटचा नव्हे, पहिला चुकीचा संदेश वाचावा. लहान उदाहरण एका प्रक्रियेवर, मग दोन प्रक्रियांवर व नंतर दोन नोडवर चालवून पाहावे. एका वेळी एकच बदल करावा. आज्ञावलीसोबत येणाऱ्या चाचण्या पूर्ण झाल्याविना उत्तरावर विश्वास ठेवू नये. प्रशासकाकडे जाताना दिलेली आज्ञा, मिळालेला संदेश, आवृत्त्या आणि जॉबचा क्रमांक सोबत न्यावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कंटेनर ज्या कृतीने बांधला, ती कृती फाइलमध्ये लिहून जपावी. महासंगणक जनतेच्या पैशातून उभा राहतो. आपण लिहिलेली कृती उद्याच्या विद्यार्थ्याचे दिवस वाचवील आणि आपले उत्तर दुसऱ्याला पडताळून पाहता येईल. ज्या उत्तरावर माणसांचे प्राण अवलंबून असू शकतात, त्याची पडताळणी होणे अगत्याचे आहे.