सशाचं पिल्लू खात नाही तेव्हा

मी बडोद्यात पाळीव प्राण्यांवर उपचार करते. आज सशाच्या पिल्लांच्या पोटाबद्दल बोलणार आहे.

एका सकाळी एक बाई आणि त्यांची मुलगी बुटाच्या खोक्यातून पिल्लू घेऊन आल्या. चार दिवसांपूर्वी वाढदिवसाला आणलेलं. दुकानदाराने दोन महिन्यांचं सांगितलं होतं. मला ते जेमतेम महिन्याचं वाटलं. घरी त्याला गाजर, बिस्कीट आणि दुधात कुस्करलेली पोळी मिळत होती. आदल्या दिवशी जुलाब लागले, म्हणून मुलीच्या घशासाठी आणलेलं, उरलेलं ॲमॉक्सिसिलिन त्याला पाजलं होतं. सगळं प्रेमापोटीच. संध्याकाळी पिल्लू गेलं.

मुलीने विचारलं, "मी गाजर दिलं म्हणून का?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. ते आज देते.

सशाच्या आतड्याला सीकम नावाची एक मोठी पिशवी असते. तिथले जिवाणू गवताचे तंतू आंबवतात. त्यातून तयार होणाऱ्या मऊ, घोसासारख्या लेंड्या ससा स्वतःच खातो. किळस मानू नका, ते त्याचं पोषण आहे. ही पिशवी म्हणजे विरजणाचं भांडं समजा. पिल्लाच्या पोटात हे विरजण हळूहळू लागतं. आईचं दूध तोवर त्याला जंतूंपासून सांभाळतं. म्हणून आठ आठवड्यांच्या आत पिल्लाला आईपासून तोडू नये.

लवकर तोडलं, त्यात प्रवास, नवं घर, नवं खाणं, की विरजण बिघडतं. साखर आणि पिठामुळे नको ते जिवाणू माजतात. पेनिसिलिन गटातली औषधं तोंडावाटे दिली, तर चांगले जिवाणू मरतात आणि विषारी जिवाणूंना मोकळं रान मिळतं. माणसाचं साधं औषध सशाचा जीव घेऊ शकतं, ते असं.

दुसरं कारण कॉक्सिडिया नावाचे परजीवी. ओला, घाण पिंजरा आणि लेंड्यांनी माखलेला चारा यांतून ते पसरतात. लेंड्या तपासून निदान होतं आणि वेळेत उपचारही होतात.

मग करायचं काय? पिल्लू आणताना ते आधी काय खात होतं ते विचारा. पहिले काही दिवस तेच द्या, बदल आठवडा-दोन आठवड्यांत थोडा थोडा करा. स्वच्छ वाळलेलं गवत दिवसरात्र समोर हवं. फवारणी न केलेली, धुतलेली हरळीही चालते. पाणी ताजं ठेवा. पोळी, बिस्कीट, दूध नको. गाजर गोड असतं. लहान पिल्लाला नकोच, मोठ्या सशाला कधीतरी एखादी चकती.

रोज लेंड्या बघा. गोल, कोरड्या आणि भरपूर असतील तर पोट चालू आहे. लहान झाल्या, कमी झाल्या किंवा थांबल्या, तर सावध व्हा. ससा दुखणं लपवतो. कोपऱ्यात अंग चोरून बसणं, दात खाणं, पोट फुगणं, कान गार पडणं ही त्याची हाक आहे. दहा-बारा तास खाल्लं नाही किंवा पिल्लाला पाण्यासारखे जुलाब लागले, तर "उद्या बघू" म्हणू नका. सशांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी न्या. तोवर अंगाला ऊब द्या. पण पोट फुगलेलं असेल तर जबरदस्तीने भरवू नका. आणि असा डॉक्टर कोण, हे ससा आणण्याआधीच शोधून ठेवा.

आता त्या मुलीचं उत्तर. नाही बाळा, तुझ्या गाजराने एकट्याने ते गेलं नाही. ते फार लवकर आईपासून तुटलं होतं, आणि त्याला काय लागतं हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगणं आम्हा मोठ्यांचं काम होतं.